रीलमधला रोमन बादशहा आणि आपलं वावर

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही अभ्यासिकेत दुपारी डोकावा. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा जागांची तयारी करणारी पोरं-पोरी डबा खाता खाता मोबाईल चाळत असतात, आणि त्यात हमखास एक कुरळ्या केसांचा, दाढीवाला संगमरवरी पुतळा येतो. मागे घुमणारं संगीत, खाली हिंदीत ओळी: कुणासमोर रडू नको, भावना मारून टाक, गप्प राहा, पैसा कमव. पुतळा मार्कस ऑरेलियस या रोमन बादशहाचा. ओळी मात्र त्याच्या नाहीत.

हा बादशहा ज्या विचारांवर वाढला त्यांना स्टोइक तत्त्वज्ञान म्हणतात. तेवीसशे वर्षांपूर्वीचं हे तत्त्वज्ञान सध्या जगभर पुन्हा चर्चेत आहे आणि रीलवाटे ते आपल्या गावातही पोचलं. पोचता पोचता त्यातलं अर्धं वाटेत सांडलं. ते अर्धं काय होतं, आणि कोरडवाहू शेती, पुढे ढकललेल्या परीक्षा नि बँकेच्या नोटिसा यांच्यात जगणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग आहे का? माझ्या मते आहे, पण एका अटीवर. ती अट ऐकणाऱ्यापेक्षा सल्ला देणाऱ्याला जास्त जड जाईल.

ही माणसं होती कोण?

पहिला झेनो, सायप्रस बेटावरचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा महागडा माल नेणारं त्याचं जहाज बुडालं आणि तो अथेन्सला येऊन पडला, असं सांगतात. इ.स.पू. ३०० च्या सुमारास तो तिथल्या बाजारातल्या एका ओसरीत बसून शिकवू लागला. ग्रीकमध्ये तसल्या ओसरीला 'स्टोआ' म्हणतात, म्हणून ही मंडळी स्टोइक. त्याच्या जागी पुढे आलेला क्लिअँथीस रात्री लोकांच्या मळ्यात पाणी शेंदायचा आणि दिवसा शिकायचा. रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला निघणाऱ्याला हा गडी ओळखीचा वाटेल.

आपल्या हाती आलेलं लिखाण मुख्यतः नंतरच्या तिघांचं. सेनेका हा नीरो बादशहाचा शिक्षक आणि सल्लागार, अफाट श्रीमंत. आठ वर्षं कोर्सिका बेटावर हद्दपारीत काढली आणि शेवटी इ.स. ६५ मध्ये नीरोच्याच हुकमाने त्याला जीव द्यावा लागला. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम, पायाने अधू. सुटका झाल्यावर तो शिकवू लागला, पण डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला गेला. त्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या शिष्याने टिपून ठेवलं तेवढंच उरलं. आणि तिसरा रीलमधला मार्कस, बादशहा इ.स. १६१ ते १८०. त्याची कारकीर्द साथीच्या रोगात आणि सीमेवरच्या लढायांत गेली. त्याच्या टिपा त्याने स्वतःलाच लिहिल्या होत्या. त्या कुणी वाचाव्यात, पुतळ्याखाली टाकाव्यात, हा त्याचा बेत दिसत नाही.

आणखी एक नाव रीलवाल्यांना ठाऊक नसतं: एपिक्टेटसचा गुरू मुसोनियस रुफस. तत्त्वज्ञान शिकणाऱ्याने पोटासाठी काय करावं, तर शेती, असं त्याचं साफ म्हणणं होतं. बायकांनीही तत्त्वज्ञान शिकावं, असंही तो पहिल्या शतकात सांगत होता.

एकच रेघ, पण ती नेमकी कुठे ओढायची?

एपिक्टेटस सुरुवात करतो ती एका वाटणीने. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपलं मत, आपला इरादा, कशाला हो म्हणायचं नि कशाला नाही, हे आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, हुद्दा, लोकांतली इज्जत, हे नाही.

ऐकताना वाटतं, यात नवीन काय? पण ही रेघ वावरात ओढून पाहा. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं आहे. मे महिन्यात त्यातले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, पोतं गुंडाळून सावलीत ठेवायचं, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बियाणं पेरायला बरं. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं नाहीतर बदलायचं. बीजप्रक्रिया करायची. शेजाऱ्याने धूळपेर केली तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढायची नाही. इथवरचे निर्णय तुमचे. त्यानंतर जुलैमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली, किंवा सोंगणी झाली, गंजी लागली आणि ऑक्टोबरात ती भिजली, तर तो निर्णय तुमचा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. पऱ्हाटीला बोंडं धरत असताना दिल्लीत झालेला हा निर्णयही तुमचा नव्हता.

आता मुख्य मुद्दा. स्टोइक असं म्हणत नाहीत की पीक, पैसा, तब्येत यांचं काही मोल नाही. या गोष्टी हव्याशाच आहेत, मिळवायला झटावं. पण त्यांच्यावरून माणूस चांगला की वाया गेलेला हे ठरत नाही, इतकंच त्यांचं म्हणणं. रोमन वक्ता सिसेरोने त्यांचा धनुर्धाऱ्याचा दाखला नोंदवून ठेवला आहे. नेम धरणं, हात स्थिर ठेवणं, योग्य वेळी बाण सोडणं हे धनुर्धाऱ्याचं काम. सुटलेल्या बाणाला वाऱ्याने ढकललं तर त्याचं काम वाईट झालं असं होत नाही.

आपल्याकडे हिशेब बरोबर उलटा चालतो. एकरी झडती किती आली, यावर पानठेल्यावर माणसाची अक्कल ठरते. दहा क्विंटल काढणारा हुशार, तीन काढणारा आळशी. मग दोघांची जमीन, ओलित, पाऊस कितीही वेगळा असो. आणि ज्याला तीन झाले तोही रात्री अंथरुणावर हाच निकाल स्वतःवर लावतो. मला विचाराल तर अख्ख्या स्टोइक तत्त्वज्ञानातली विदर्भाला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट हीच आहे: केलेलं काम एकीकडे तोलायचं आणि आलेला निकाल दुसरीकडे.

भरतीच्या पोरांनाही हे लागू आहे. पहाटे उठून १६०० मीटरचा वेळ सेकंदा-सेकंदाने खाली आणणं हातात आहे. जागा किती निघतील, तारीख कितीदा पुढे जाईल, कटऑफ कुठे लागेल, हे नाही. पाव मार्काने राहिलेल्या पोरीने तयारी वाईट केली होती, असं कुठलाच कटऑफ सिद्ध करत नाही.

ओलावा मोजताना डोक्यात काय होतं

एपिक्टेटसची दुसरी गाजलेली शिकवण अशी, की माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं. हे चटकन पटत नाही, आणि उपाशी माणसाला ऐकवलं तर शिवी बसेल. म्हणून बाजार समितीच्या शेडमध्ये चला.

तुमच्या ढिगातलं मूठभर सोयाबीन यंत्राच्या वाटीत पडतं. आकडा येतो १६. हमीभावाच्या खरेदीला साधारणपणे ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो, त्यामुळे ५,३२८ रुपये हा २०२५-२६ चा हमीभाव तिथल्या तिथे तुमच्यापुरता संपतो. व्यापारी ढिगात हात घालतो, दोन दाणे दाताखाली चावतो, त्यापेक्षा बराच खालचा भाव सांगतो आणि तुमच्याकडे न बघता पुढच्या ढिगाकडे वळतो.

त्या मिनिटात तुमच्या डोक्यात तीन वाक्यं येतात. एक, ओलावा जास्त निघाला. दोन, भाव पडेल लागला. तीन, 'बापाच्यानं झालं, माह्याच्यानं काहीच होत नाही.' पहिली दोन घडलेली आहेत. तिसरं कुणी बोललं नाही, यंत्राने दाखवलं नाही. ते तुम्ही जोडलं, आणि इतक्या झपाट्याने जोडलं की तेही यंत्रावरचाच आकडा वाटू लागलं. तिसऱ्या वाक्याला मान डोलवण्याआधी थांबा, एवढंच स्टोइक सांगतात. मानसोपचारातही ही युक्ती शिकवतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी विचार तपासून मन सावरण्याची पद्धत बसवली तेव्हा त्यांनी एपिक्टेटसचं ऋण उघडपणे सांगितलं. पुढे एरन बेक यांनी रुजवलेल्या अशाच उपचारपद्धतीचं मूळही या मंडळींपर्यंत जातं.

तिसरं वाक्य बाजूला ठेवल्याने भाव वाढत नाही. पण पहिल्या दोन वाक्यांतून प्रश्न निघतात. माल परत नेऊन वाळवला तर गाडीभाडं किती? आपली बाजार समिती शेतमाल तारण योजना राबवते का? राबवत असेल तर माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तिसऱ्या वाक्यातून एकही प्रश्न निघत नाही. त्यातून फक्त पडेल भावाला 'घे बाप्पा' म्हणून टाकणं निघतं.

मग दगड होऊन बसायचं का?

रील हेच सांगतं, आणि इथेच ते चुकतं. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस एक गोष्ट सांगतो. समुद्रात वादळ उठलं, जहाजावर एक नावाजलेला स्टोइक होता, त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोचलं, तुमचं तत्त्वज्ञान कुठे गेलं? पुढे गेलियसनेही तेच विचारलं, तेव्हा स्टोइकाने पिशवीतून एपिक्टेटसच्या शिकवणीचं पुस्तक काढून दाखवलं. पहिला धसका, चेहऱ्याचा उतरलेला रंग, हे शहाण्यालाही चुकत नाही. फरक पडतो तो नंतर: त्या धसक्याच्या मागे मनही वाहवत न्यायचं की नाही, इथे.

म्हणजे गारपीट झाल्यावर डोळ्यांत पाणी येणं हे अपयश नाही. मार्कसने स्वतःची कितीतरी लेकरं लहानपणीच गमावली. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांबद्दल सांगतात, की एकुलता मुलगा गेल्याची बातमी कीर्तनात आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ऐकणारे म्हणतात, केवढा कठोर माणूस. मला ते तसं कधी वाटलं नाही. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी ज्याने धर्मशाळा नि शाळा उभ्या केल्या, त्याला कठोर म्हणायला जीभ वळत नाही.

'भाव आपल्या हातात नाई, मंग रस्ता रोको कायले करून रायले?'

हा सगळ्यात खरा आक्षेप, आणि तो वऱ्हाडीतच यायला हवा. जे हातात नाही ते सोडून द्या, असं शिकवणारं तत्त्वज्ञान सरकारच्या नि व्यापाऱ्याच्या सोयीचं नाही का?

स्टोइकांच्या नावावर एक दृष्टांत सांगतात: बंडीला मागून बांधलेला कुत्रा. बंडी चालली की तो राजीखुशीने चालेल नाहीतर फरफटत जाईल, जाणार तर आहेच. आपल्याकडे कुत्रा असतो बंडीखाली, आणि त्याला वाटतं बंडी आपणच ओढतो. दोन्ही कुत्रे खरे आहेत. भरपूर पिकलं की आपण बंडीखालचे असतो, बुडालं की मागे बांधलेले. पण माणूस कुत्रा नाही. तो बंडी हाकणाऱ्याला 'थांब' म्हणू शकतो, आणि इथे बांधलेल्या कुत्र्याचा दृष्टांत अपुरा पडतो.

स्टोइकांनीच ते दाखवलं. त्यांच्या चार मुख्य गुणांत शहाणपण, धैर्य, संयम यांच्या जोडीला न्याय आहे. आणि रीलमधून गळतो तो नेमका हाच. एपिक्टेटस हेल्विडियस प्रिस्कस नावाच्या, रोमच्या राज्यसभेतल्या (सिनेट) सभासदाची गोष्ट कौतुकाने सांगतो. वेस्पाशियन बादशहाने त्याला निरोप धाडला, उद्या सभेत येऊ नको. तो म्हणाला, माझं सभासदपण काढून घेणं तुझ्या हातात. पण सभासद आहे तोवर येणं माझं काम. बादशहा म्हणाला, बरं, ये, पण बोलू नको. मग मला मत विचारू नको. विचारावं तर लागेलच. मग मला योग्य वाटेल ते बोलावं लागेल. मारून टाकीन. मी अमर आहे असं कधी म्हणालो? हेल्विडियस शेवटी मारला गेला.

ग्रामसभेत उठून रोजगार हमीच्या कामाचा हिशेब मागणं, पंचनाम्यात आपला गट नंबर सुटला तर तहसीलला लेखी अर्ज देऊन पोच घेणं, ई-पीक पाहणी वेळेत करणं, हमीभावासाठी रस्त्यावर बसणं: हे सगळं रेघेच्या अलीकडचं, आपल्या हातातलं. मागणी मान्य होईल का, हे पलीकडचं. स्टोइक माणूस आंदोलनाला जाईल, आणि आंदोलन फसलं तर पुढच्या वेळीही जाईल, कारण त्याने स्वतःची किंमत निकालाला गहाण ठेवलेली नाही.

तरी या मंडळींचं सगळं गोड मानू नये. गुलामही आपल्यासारखाच माणूस, असं सेनेकाने लिहिलं, पण गुलामगिरी मोडा असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलं नाही. आणि मघाशी म्हटलेली अट हीच: हे तत्त्वज्ञान स्वतःवर वापरायचं, दुसऱ्याच्या दुःखावर नाही. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणाऱ्या माणसाने दुबार पेरणी केलेल्याला 'सगळं मनावर असतं भाऊ' म्हणणं, याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत, अंग काढून घेणं म्हणतात.

कर्ज, शरम आणि एक अवघड गोष्ट

विदर्भात मनाच्या गोष्टी लिहायच्या आणि आत्महत्येबद्दल गप्प बसायचं, हे बरोबर नाही. जुन्या स्टोइकांनी काही प्रसंगी माणसाने स्वतःहून जग सोडणं योग्य मानलं होतं. त्यांचा हा भाग मी स्वीकारत नाही, आणि तुम्हीही स्वीकारू नये. त्यांच्याच कसोटीवर बघितलं तरी कर्जाच्या ओझ्याखाली, झोप उडालेली असताना, एकट्याने घेतलेला निर्णय हा शांत बुद्धीचा निर्णय ठरत नाही. ते तिसरं वाक्य असतं, आणि तेच सगळं डोकं व्यापून बसलेलं असतं.

सेनेकाने याबद्दल स्वतःचं सांगून ठेवलं आहे. तरुणपणी दीर्घ आजाराने तो इतका खचला की जीव संपवावा असं अनेकदा वाटलं. म्हाताऱ्या बापाला हे सोसवणार नाही, या विचाराने तो थांबला. आणि बरं कशाने वाटलं? मित्रांनी येऊन बसण्याने, बोलण्याने, उशाशी जागण्याने. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा पंडित आजारपणात माणसांचं येणं-जाणं औषध म्हणून सांगतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शरमेचंही तसंच. बँकेची नोटीस आली की माणूस आधी पारावर बसणं सोडतो, मग लग्नाकार्याला जाणं. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न एपिक्टेटसने पहिल्याच यादीत, हातात नसलेल्यांत टाकला आहे. कर्ज हा पैशाचा व्यवहार आहे, चारित्र्याचा दाखला नाही. बँकेत जाऊन पुनर्गठन होतं का विचारणं, बिनपरवाना सावकाराची तक्रार सहायक निबंधकांकडे करणं, ही कामं शरमेने अडतात म्हणून शरमेशी भांडायचं. आणि मन फारच काळवंडलं तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. घरातल्या कुणाचं बोलणं-जेवण अचानक तुटलं असेल तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. तत्त्वज्ञान नंतर.

हे तर गीतेतच आहे ना?

बरंचसं आहे. पवनारच्या विनोबांनी आयुष्यभर स्थितप्रज्ञाचा विचार सांगितला, तो ऐकलेल्या वर्धेकडच्या माणसाला एपिक्टेटस परका वाटणार नाही. कर्म आपलं, फळ आपलं नाही, इथवर दोघं सोबत चालतात. पुढे वाटा फुटतात: स्टोइकांकडे मोक्ष नाही, पुढचा जन्म सुधारण्याची गोष्ट नाही, जे काय नीट जगायचं ते याच जन्मात, बुद्धीच्या आधाराने. कुणी आधी काय म्हटलं यावर भांडण्यात अर्थ नाही.

करून पाहायचं तर

सकाळी दोन मिनिटं. मार्कस दिवस सुरू करताना स्वतःला बजावायचा, की आज आगाऊ, कृतघ्न, मत्सरी माणसं भेटणार. तहसीलला किंवा बँकेत जायच्या दिवशी हे करून पाहा: साहेब नसतील, सर्व्हर बंद असेल, 'उद्या या' म्हणतील. मग दशम्या सोबत घ्याल, कागदाच्या दोन झेरॉक्स जास्त काढाल आणि निदान टेबलावर आवाज चढणार नाही.

वाईटाची आधीच कल्पना करणं हाही त्यांचा जुना सराव. तो मे महिन्यात कागदावर करावा. पावसाने तीन आठवडे ताण दिला तर काय? सगळ्या वावरात सोयाबीन न घेता तुरीच्या ओळी घालाव्यात का? दुबार पेरणीचं बियाणं कुठून येईल? उत्तरं लिहून झाली की कागद बंद करायचा, नाहीतर सरावाची चिंता होते.

रात्रीचा सराव सेनेकाचा. दिवा मालवला, बायकोलाही ही सवय माहीत असल्याने ती गप्प झाली, की तो दिवसभराचा झाडा घ्यायचा: कुठे चुकलो, कुठे नीट वागलो. झाडा घेऊन झाला की स्वतःला माफ करायचा. ही शेवटची पायरी आपल्याकडे विसरतात.

त्याचा आणखी एक सराव आहे: अधूनमधून काही दिवस मुद्दाम जाडंभरडं खावं नि नेसावं, म्हणजे गरिबीची भीती मोडते. तो श्रीमंतांसाठी होता. रोजीने निंदायला जाणाऱ्या बाईने तो खुशाल सोडून द्यावा.

आणि वाचायचं असेल तर मार्कसपासून सुरू करू नका. तो स्वतःशी बोलतो, संदर्भ लागत नाहीत. एरियनने काढलेली एपिक्टेटसच्या शिकवणीची छोटी पुस्तिका घ्या. पन्नासेक परिच्छेद आहेत, एका दुपारी होतात. तिसऱ्या परिच्छेदात तो म्हणतो, लेकराचा मुका घेताना मनात म्हण की हे मरणाधीन आहे. अनेकांना तिथे पुस्तिका फेकावीशी वाटते. तो परिच्छेद सोडून चौथ्यावर जा.